सातशे चाळीस मीटर

थवा फणसाच्या फांदीला लागला, त्याचा तो तिसरा दिवस होता.

खालून पाहिले की वाटे, झाडाने एखादे तपकिरी, अंगभर थरथरणारे फळ धरले आहे. हातभर लांबीचा तो घोस म्हणजे दहाएक हजार सातेरी माश्या. पायांत पाय गुंतवून, मधोमध राणीला घेऊन लटकलेल्या. मोहोळ भरले की जुनी राणी निम्मे गणगोत घेऊन घर सोडते, जवळच्या फांदीवर उतरते, आणि तिथून टेहळ्या माश्या नव्या ढोलीच्या शोधात निघतात. एरवी हा मुक्काम एका दिवसाचा, फार तर दोन दिवसांचा. पौषातल्या थंडीत कुणी उघड्यावर जास्त रेंगाळत नाही.

मैथिली उतेकर अंगणाच्या कडेला हात काखेत घालून उभी होती. तिचे मामा, महिपत संकपाळ, ओट्यावर चहाचा कप गुडघ्यावर टेकवून वर पाहत होते. उंबरदऱ्याच्या या अंगणात मामांच्या चौदा पेट्या होत्या. चाळीस वर्षे त्यांनी त्या वाढवल्या, फोडल्या, जोडल्या. आणि मैथिली चौदा वर्षांची असल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, त्यांच्या मागे मागे हिंडून तिने हे सारे पाहिले होते.

"ठरवतील," मामा म्हणाले. "घर बघायचं म्हंजी टाइम लागतोच. तुज्या मामीनं ह्ये घर पसंत कराया दोन वर्सं लावली."

"थंडी वाढतेय, मामा. टोपलीत घेऊ या का?"

मामांनी कप खाली ठेवला. तिने देव्हाऱ्यातला देव हलवू या का असे विचारले असावे, तसे ते तिच्याकडे पाहत राहिले.

"मैथू, पैला थवा डोंगराचा."

हे तिला नवे नव्हते. थवा दिसला की दरीतला कुणीही मधपाळ शिडी लावतो, टोपली धरतो, रिकाम्या पेटीत माश्या उतरवतो. तेवढेच एक मोहोळ वाढते. संकपाळांच्या घरात मात्र हंगामाच्या पहिल्या थव्याला हात लावत नसत. कुणा पणज्याने पहिले पोळे डोंगरातल्या ढोलीतून आणले, त्याची परतफेड दरसाल व्हायची. दुसरा थवा माणसाचा, पहिला डोंगराचा. दरीतल्या कितीतरी ढोली अशा भरल्या होत्या, आणि मामा जंगलातून जाताना एखाद्या जांभळाच्या बुंध्याला हात टेकून, सासरी नांदणाऱ्या लेकीची चौकशी करावी तसे आत कान लावत.

निहाल ढेबे दुधाची किटली घेऊन आला तेव्हाही थवा तसाच होता. वरच्या गवळीवाड्यातला हा पंचविशीचा पोरगा दरीतली रानफुले राखणाऱ्या 'पराग मंडळा'त मैथिलीच्या बरोबरीने होता. समोरच्या कड्यावर दोर लावायचा तो त्यानेच.

"काय मामा, ग्रामसभा अजून चालूच?" तो वर बघत म्हणाला. "कोरम भरला नसंल. तहकूब करा आन् जेवायला सोडा त्यास्नी."

मामा हसले. मैथिली हसली नाही. कोरम भरणार नव्हता. आणि हे त्या अंगणात तिला एकटीलाच ठाऊक होते.

*

सारे सुरू झाले होते एका फुलापासून.

गावासमोरच्या पाऊलकड्यावर, उभ्या कातळाच्या भेगांत, चंद्रवेणी नावाची एक वीतभर वनस्पती उगवते. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तिला बोटाच्या पेराएवढी पांढरी फुले येतात. मामींना ती फार आवडत. कड्यावर चांदणे वाळत घातलेय, असे त्या म्हणत. मैथिलीला ती प्रथम दाखवली मामांनी, दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून. त्या वर्षी पाचशेच्या वर झाडे होती. मामी गेल्या त्या वर्षी तीनशे. मंडळाने रीतसर मोजणी केली तेव्हा दोनशे बारा. फुले येत होती आणि तशीच झडत होती. बी धरत नव्हते. तिचा पराग वाहणारी एक एकलकोंडी रानमाशी होती, मातीत बिळे करून राहणारी. ती दरीतून नाहीशी झाली होती. केव्हा, ते कुणी पाहिले नव्हते. जे मुळात मोजलेच गेले नाही, त्याच्या जाण्याला तारीख नसते.

सातेरी माश्या त्या फुलांकडे फिरकत नसत. त्यांना तरी का दोष द्यावा? दोनशे झाडे, थेंबभर मध आणि मध्ये खोल दरी. मोहोळ हिशेबी असते. जिथे पीक तिथे ते जाते.

मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. शाल्मली रेगे आल्या, आणि त्यांच्या बॅगेतून एक सुई निघाली.

मधमाशीचे नृत्य आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. फुलोरा सापडलेली माशी घरी येते, अंधारात, उभ्या पोळ्यावर, अंग थरथरवत सरळ रेषेत धावते, वळून पुन्हा मूळ जागी येते आणि पुन्हा धावते. पोळ्यावर 'वर' म्हणजे सूर्याची दिशा. तिची रेषा उभ्या रेषेपासून जितकी कललेली, तितके फूल सूर्यापासून बाजूला. आणि थरथर जितका वेळ टिकते, तितके ते दूर. सातेरीच्या भाषेत दीडशे मीटर म्हणजे क्षणाचा एक तुकडा. सातशे चाळीस मीटर म्हणजे साधारण दीड सेकंद. भोवतालच्या माश्या अंधारात तिच्या अंगाला मिशा लावून हे वाचतात आणि त्या पत्त्यावर निघतात.

सुई ही हे नृत्य करणारे यंत्र होते. केसाहून थोडी जाड तार, टोकाला मेणाने मढवलेले माशीएवढे अंग, त्याला त्याच मोहोळाचा वास. ती पोळ्यात शिरून नाचे, तासागणिक सरकत्या सूर्याचा कोन सांभाळे, अधूनमधून साखरपाण्याचा थेंब देई, आणि सांगे: पाऊलकडा, सातशे चाळीस मीटर, तिथे मेजवानी आहे. माश्या जात. मेजवानी नसे. पण चार फुले हुंगल्याशिवाय माशी परत फिरत नाही, आणि चंद्रवेणीला तेवढेच हवे होते.

"म्हंजी आपुन खोटं सांगायचं," मामा पहिल्याच बैठकीत म्हणाले होते. "पोळ्यात आजवर कुणी खोटं बोललं न्हाई. माणसाच्या घरात बोलतात."

"दहा दिवस फक्त, मामा," मैथिली म्हणाली होती. "मग एकवीस दिवस सुट्टी. चंद्रवेणी वाचेल."

मामांनी बराच वेळ कड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तेरा पेट्या घे. चौदावीला हात लावू नगं."

चौदावी पेटी फणसाखाली होती. ती मामींची. शेवटच्या आजारपणात त्या खाटेवर पडल्या पडल्या तिच्या तोंडाशी चाललेली ये-जा बघत.

दहा आणि एकवीस हे आकडे डॉ. रेगे यांनी घालून दिले होते, आणि त्यांचे कारण मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर मैथिलीच्याच अक्षरात होते. नृत्य माशीच्या रक्तात असते, पण अर्धेच. कोशातून बाहेर आलेली तरुण माशी आधी कित्येक दिवस थोरल्या माश्यांच्या मागे फिरते, त्यांच्या अंगाला मिशा लावून त्यांचे नाचणे ऐकते, आणि मगच स्वतः नाचते. जिला हे ऐकायला मिळाले नाही, ती पुढे कोन कसाबसा सुधारते. अंतर मात्र तिला आयुष्यभर चुकीचे येते. कामकरी माशीचे आयुष्य सहा-सात आठवड्यांचे. म्हणजे मोहोळाची भाषा सतत एका पिढीच्या ओठावरून दुसरीच्या कानात पडत राहावी लागते. सुई फार मोठ्याने बोलते. ती दमत नाही, आणि तिच्या नव्या रचनेत आणखी एक गोष्ट होती: दुसरी कुणी दुसरीकडची वाट सांगू लागली की सुई तिला डोक्याने हलकी, गुंजणारी धडक देई. माश्याही एकमेकींना तशी देतात. तिचा अर्थ, थांब. नाचणारी माशी थांबे.

दहा दिवस इतरांनी गप्प राहावे, एकवीस दिवस बोलावे. दोन वर्षे मंडळाने हे पाळले. झाडे दोनशे बाराची दोनशे चाळीस झाली.

तिसऱ्या वर्षी पावसाळा लांबला, मग आश्विनात चैत्रासारखे ऊन पडले, आणि चंद्रवेणी एकदम न फुलता थोडी थोडी फुलत राहिली. पहिले दहा दिवस संपले तेव्हा कड्यावर निम्म्याहून अधिक कळ्याच होत्या. त्या संध्याकाळी सुया काढायची पाळी मैथिलीची होती. ती पेट्यांपाशी गेली, झाकणाला हात लावला, आणि समोरच्या कातळावर उमलू घातलेले ते पांढरे ठिपके पाहत उभी राहिली.

चारच दिवस आणखी, असे तिने स्वतःला सांगितले.

चारचे दहा झाले, दहाचे वीस. प्रत्येक खेपेला कड्यावर नव्या कळ्या असत. वहीतल्या 'विश्रांती' या रकान्यात ती बरोबरची खूण करत राहिली. तिच्या नोंदीवर कुणी संशय घ्यावा असे मंडळात कुणी नव्हते. त्याच काळात मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर साताऱ्याला गेले, आणि चौदा पेट्यांत सगळ्यांत भरलेली पेटी मामींचीच होती.

सुया निघाल्या त्या त्रेसष्टाव्या दिवशी.

बी अमाप धरले. कार्तिकाच्या अखेरीस भेगाभेगांत फुगलेल्या शेंगा पाहून निहालने दोराला लटकल्या लटकल्या शीळ घातली होती. आणि महिन्याभराने, पेटीत लावलेल्या लहानशा कॅमेऱ्यातून मैथिली सहज पाहत असताना, मामांच्या कुंपणापलीकडच्या स्ट्रॉबेरीच्या वावरातून एक माशी परतली. वावर दीडशे मीटरवर. माशीच्या पायांना तिथला फिकट पराग होता. ती नाचू लागली, आणि तिची थरथर दीड सेकंद टिकली. दुसरी ओढ्याकाठून आली. तीही दीड सेकंद. तिसरी, चौथी, पन्नासावी. दिशा वेगवेगळ्या होत्या, अंतर एकच. त्यांच्यामागून निघालेल्या माश्या वावरावरून, ओढ्यावरून पुढे जात, सातशे चाळीस मीटरवरच्या रिकाम्या हवेत घिरट्या घालत आणि उपाशी परतत.

ज्या थोरल्या माश्यांना दूर आणि जवळ यांतला फरक ठाऊक होता, त्या त्रेसष्ट दिवसांत मरून गेल्या होत्या. त्यांच्या मुलींनी आयुष्यात एकच वाक्य ऐकले होते. जगातली प्रत्येक गोष्ट आता तितक्याच दूर होती.

मैथिलीने कॅमेरा बंद केला, आणि कुणाला काही सांगितले नाही. त्यालाही आता अकरा दिवस झाले होते.

*

चौथ्या दिवशी दुपारी कोयनेच्या बाजूने ढग आले. अवेळी, मळकट, अगदी खालून जाणारे. टेहळ्या माश्या अजूनही ये-जा करत होत्या. थव्याच्या पाठीवर त्यांचे नाचणे दुर्बिणीशिवाय दिसत होते: ओढ्याजवळच्या कुठल्याशा ढोलीचा पत्ता एक सांगे, दहाजणी तपासायला जात, पुढे निघून जात, काहीच न सापडून परत येत. ज्या ढोलीला दुसरी साक्ष मिळत नाही, तिच्यावर थव्याचे एकमत होत नाही. निघताना पोटात भरून घेतलेला मध तीन दिवसांचा असतो.

मामा ओट्यावर लाकडी चौकटींना तार ओवत बसले होते.

"मामा, त्या ठरवणार नाहीत."

"का गं?"

तिने सांगितले. सुरुवात कुठून करावी हे तिने चार दिवस घोकले होते, पण प्रत्यक्षात ते उलटेसुलटेच आले: आधी स्ट्रॉबेरीचे वावर, मग त्रेसष्ट दिवस, मग वहीतल्या खुणा. मामांनी मध्ये एकदाही अडवले नाही. तार त्यांच्या बोटांत तशीच ताणलेली राहिली.

"त्रेसष्ट," ते शेवटी म्हणाले. "सगळ्या पेट्यांत?"

"हो."

"तेरा."

मैथिलीने फणसाखालच्या पेटीकडे पाहिले. फणसावरून एक पिकले पान सुटून खाली आले.

"हिच्या पेटीत बी घातलीस?"

"सगळ्यांत भरलेली तीच होती, मामा."

ते उठले. घरात गेले. माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, आणि ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शेणाने सारवलेली, थवा धरायची टोपली होती. एवढ्यात भुरभुर सुरू झाली.

"शिडी धर," ते म्हणाले.

"पण पहिला थवा..."

"शिडी धर, मैथिली."

तिने शिडी धरली. सहासष्ट वर्षांचा तो माणूस एकेक पायरी चढत वर गेला, टोपली थव्यावर उपडी धरली, आणि दुसऱ्या हाताने माश्यांना खालून वर, डोके धुतलेल्या लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा हात देऊ लागला. थवा उबदार असता तर चढला असता. गारठलेल्या माश्यांची पकड सुटत होती. मूठमूठभर त्या मैथिलीच्या खांद्यांवर, केसांत, शिडीच्या पायरीवर पडल्या. एकही चावली नाही.

जेवढ्या आल्या तेवढ्या मामांनी पेटीत उतरवल्या, आत साखरपाणी ठेवले, वर पोते टाकले. मग ओट्यावर बसून त्यांनी हात पंच्याला पुसले. हात बराच वेळ पुसत राहिले.

काल सांगितले असतेस तर, हे ते म्हणाले नाहीत. मैथिली ते ऐकण्यासाठी अंधार पडेपर्यंत तिथे थांबली होती.

सकाळी पेटीच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा बोटभर जाड थर होता. मामांनी तो काडीने हळूहळू उकरला आणि राणी शोधून तळहातावर घेतली. मग टोपली धुऊन माळ्यावर ठेवली. मैथिलीला 'मैथू' अशी हाक त्यांनी त्यानंतर मारली नाही. जेवायला ये म्हणत, पाणी दे म्हणत, सारे काही पूर्वीसारखे बोलत. फक्त पूर्ण नावाने.

*

मंडळाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. पाच गावांतली सतरा पोरे होती. मैथिलीने वही सगळ्यांसमोर ठेवली आणि खोट्या खुणा कोणत्या ते एकेक बोट ठेवून दाखवले. कुणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते.

"आन् चंद्रवेणीचं?" मागून एका मुलीने विचारले. "सुई बंद केली तर पुढच्या साली बी कोण धरवणार?"

"आपण," निहाल म्हणाला. "दोर आन् कुंचला. एकेक फूल."

"अडीचशे झाडं? उभ्या कड्यावर?"

"मग काय झालं. माशी ह्येच करत होती की. तिला तर दोर बी नव्हता."

कुणीतरी हसले, आणि लगेच थांबले.

डॉ. रेगे यांनी फोनवर सारे ऐकून घेतले. दोष त्यांनी दिला नाही. "सुई इतकी सोपी करायला नको होती," एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी उपाय सांगितला. त्याला उपाय म्हणावे की काय, हे त्यांनाही ठरवता येत नव्हते. आज ज्या माश्या उडत आहेत, त्यांचे शिकण्याचे वय गेले. त्यांच्यात वाढणाऱ्या मुलीही तेच शिकतील. साखर घालून पेट्या जगवता येतील, वर्षानुवर्षे, मुकेपणासकट. पण कोशात असलेली, अजून डोळे न उघडलेली पिल्ले एखाद्या बोलत्या मोहोळात ठेवली, तर नुकत्या जन्मलेल्या माशीला परके मोहोळही घेते. तिथे ती थोरल्यांच्या मागे फिरेल. शिकेल.

"पण बोलतं मोहोळ हवं," त्या म्हणाल्या. "सुई कधीच न लागलेलं. दरीत आहे का असं?"

मैथिलीने फोन खाली केला. मामा दारात उभे होते.

"हायेत," ते म्हणाले. "पैले थवे."

निहालने तीन ढोली शोधून काढल्या. एक गवळीवाड्याच्या वर, म्हाताऱ्या जांभळात. दुसरी देवराईच्या कडेला. तिसरी ओढ्याच्या उगमाशी, कातळाच्या कपारीत. जांभळातली सहा वर्षांपूर्वीची. मामी गेल्या त्या हंगामातला पहिला थवा.

पिल्लांचे पोळे मामांनी आधी मामींच्याच पेटीतून कापले. कोशांनी भरलेला, मेणाच्या टोप्या घातलेला तो पिवळा तुकडा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला, उबेसाठी सदऱ्याच्या आत धरला, आणि चढण चढू लागले. निम्म्या वाटेवर निहाल मैथिलीच्या कानाशी म्हणाला, "मामांना सांग ना, पुढच्या साली ह्याच ढोलीतला थवा धरू. शिकलेल्या माश्या परत पेट्यांत. सगळं आधीसारखं."

मामांचे कान तिखट होते.

"डोंगराला दिलेलं परत मागायचं न्हाई," ते पुढे चालता चालता म्हणाले.

"पण मग तुमच्या पेट्या, मामा?"

"हायेत तवर हायेत. साखर घालीन. नवी राणी करायची न्हाई." ते धापा टाकत थांबले, काठीवर रेलले. "पैला थवा डोंगराचा होता. त्यो म्या टोपलीत घेतला. आता त्याचं सगळंच त्याला."

चाळीस वर्षे त्या वाक्याएवढ्या अंतरात संपली. ते पुन्हा चालू लागले, तशी मैथिली त्यांच्या मागून चढू लागली.

जांभळाच्या ढोलीला हातभर उंचीची फट होती. मामांनी धूर न करता, नुसत्या श्वासाच्या संथपणावर माश्यांना बाजूला सारत तो तुकडा आत, जुन्या पोळ्याच्या शेजारी, सुतळीने बांधला. मग बुंध्याला कान लावला.

*

माघ उजाडला. मामांच्या अंगणातल्या पेट्या एकेक करून हलक्या होत गेल्या. राणी म्हातारी झाली की मोहोळ आपोआप नवी राणी करू पाहते. मामा दर आठ दिवसांनी झाकण उघडून नव्या राणीसाठी बांधलेले लांबोडके घर हळूच मोडत, आणि साखरपाण्याची वाटी भरून ठेवत. मरणाऱ्या माणसाचे अंथरूण झटकावे तसे ते हे काम करत. रिकामी झालेली पेटी धुऊन, उन्हात वाळवून, भिंतीला पाठ लावून उभी करत. मामींची पेटी त्यांनी फणसाखालीच ठेवली. तिच्या तोंडाशी आता मुंग्या होत्या.

पाऊलकड्यावर, त्याच दिवसांत, भेगाभेगांतून बोटाएवढी रोपे वर आली. निहालने मोजली: एक हजार एकशे सहा. एवढी चंद्रवेणी कुणाच्या हयातीत कुणी पाहिली नव्हती. मैथिलीने तो आकडा वहीत लिहिला. खूण केली नाही.

तिचा दिवस आता जांभळापाशी जाई. ढोलीत सोडण्याआधी, कोशातून बाहेर येत असलेल्या काही माश्यांच्या पाठीवर तिने पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. फटीतून बोटाएवढा कॅमेरा आत सरकवून, तांबड्या प्रकाशात ती त्यांना पाहत बसे. पहिला आठवडा त्यांनी पोळे पुसण्यात घालवला. मग पिल्लांना भरवण्यात. कधी कधी एखादी ठिपक्याची माशी नाचणाऱ्या थोरलीच्या जवळून जाई, क्षणभर थबके आणि पुन्हा आपल्या कामाला लागे.

सतराव्या दिवशी ऊन उतरताना मामा वर आले. काठी जांभळाला टेकून ठेवली. इतक्या दिवसांत ते ढोलीकडे आले नव्हते. तिच्यापासून थोड्या अंतरावरच्या दगडावर बसून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

आत, तांबड्या काळोखात, एक थोरली माशी नाचत होती. तिची थरथर लहान होती, इतकी लहान की सुरू होते ना होते तोच ती वळत होती. कित्येक महिन्यांत मैथिलीने इतके लहान नृत्य पाहिले नव्हते. कुठेतरी अगदी जवळ, बहुधा देवराईच्या कडेला, काहीतरी फुलले होते. आणि थोरलीच्या अंगाला मिशा टेकून, तिच्याबरोबर वळत, अडखळत, मागे पडून पुन्हा गाठत, एक ठिपक्याची माशी चालली होती.

"काय म्हणतीया?" मामांनी विचारले.

तिला वाटले, हो म्हणावे. शिकली म्हणावे. त्या थकलेल्या चेहऱ्याला तेवढे देणे तिच्या हातात होते, आणि कॅमेऱ्याचा पडदा तिच्या डोळ्यासमोर होता, त्यांच्या नव्हे.

"काही म्हणत नाही, मामा," ती म्हणाली. "अजून एकदाही नाचली नाही. नुसती ऐकतेय."

मामांनी मान हलवली. दरीत सावली भरत चालली होती. समोरच्या कड्याचा माथा तेवढा अजून उजळलेला होता.

"ऐकू दे," ते म्हणाले, आणि दगड सोडून तिच्याशेजारी येऊन बसले.